चाळीस ग्रॅम

गेल्या दिवाळीत नरकचतुर्दशीच्या सकाळी नेहमीप्रमाणे अक्का आणि दाजी आमच्याकडे फराळाला आले. अक्का माझी थोरली बहीण, आणि दाजी तिचे यजमान. दोघे आमच्याच गावात, पलीकडच्या आळीत राहतात. पहिल्या आंघोळीनंतरचा फराळ एकत्र करायचा, हा आमच्या दोन घरांचा वर्षानुवर्षांचा परिपाठ आहे. ताटे मांडली. चकली, करंजी, चिवडा, अनारसे, बेसनाचे लाडू, सारे यथासांग होते. सौभाग्यवतीने चहाचे आधण ठेवले, तोच अक्का म्हणाली, "माझा चहा नको गं टाकूस. मला नुसतं गरम पाणी दे. माझा ग्रीन टी मी आणलाय." आणि तिने पिशवीतून दोरा लावलेली एक कागदी पुडी काढली.

"दोन काढ," दाजी म्हणाले. "आज फराळ मोठा आहे."

दाजी निवृत्त हिशेबनीस. त्यांनी दोन लाडू, पाच करंज्या आणि चकल्या किती ते मोजले नाही, एवढे सर्व संपवले, आणि शेवटी तो हिरवट कप काढा घ्यावा तसा डोळे मिटून एका दमात पिऊन टाकला. "झाला हिशेब चुकता," असे म्हणत त्यांनी कप खाली ठेवला. अक्काने एक करंजी आणि एक चकली घेतली. तिचा कप फराळ सुरू झाल्यापासून संपेपर्यंत तिच्या हातातच होता. ती घोट घोट घेत होती आणि सर्वांशी बोलत होती.

त्या सकाळी मला या प्रकाराचे हसू आले होते. पण पुढे वर्षभर त्या दोन कपांनी माझा पिच्छा सोडला नाही. पुडी एकच, पाणीही एकच. आणि तरी ती दोघे एकच वस्तू पीत नव्हती, हे मला फार उशिरा कळले. ते कसे कळले, त्याचीच ही हकीकत आहे.

हिरवा चहा म्हणजे काही निराळ्या झाडाचा पाला नव्हे. आपल्या परसातला गवती चहा वेगळा, ते गवत. पण आपण रोज दूध-साखर घालून पितो तो चहा आणि हा हिरवा चहा, दोन्ही एकाच झुडपाची पाने. खुडलेली पाने सुकवून, चुरडून हवेत राहू दिली की ती काळवंडतात आणि त्यांना आपल्या ओळखीचा रंग व स्वाद येतो. उलट खुडल्यावर लवकरच त्यांना उष्णता दिली की ते काळवंडणे थांबते आणि पान हिरवे राहते. जपानात त्यासाठी वाफ देतात, तर चीनमध्ये बहुधा कढईत परततात. सख्ख्या बहिणी दोन घरी पडाव्यात, तसा हा प्रकार.

चहाला औषध मानण्याची कल्पनाही नवी नाही. जपानातील एइसाई नावाच्या झेन भिक्षूने १२११ साली चहाच्या गुणांवर एक पुस्तक लिहिले. हृदयाला कडू रस मानवतो, आणि तो रोजच्या जेवणात फारसा नसतो, म्हणून चहा घ्यावा, असा त्याचा युक्तिवाद होता. पुढे १२१४ साली शोगुन सानेतोमो याला रात्रीच्या मद्यपानाने अस्वस्थ वाटू लागले, तेव्हा एइसाईने त्याच्यापुढे चहाचा पेला आणि चहाची महती सांगणारे पुस्तक अशी दोन्ही ठेवली, अशी नोंद आहे. रात्री अति झाले की सकाळी कप पुढे यायचा, ही परंपरा अशी आठशे वर्षांची आहे. दाजींना मी हे सांगितले तेव्हा ते फार खूश झाले.

आपल्याकडे मात्र चहाची कीर्ती वेगळी होती. माझे आजोबा त्याला 'काळे पाणी' म्हणत आणि पोराबाळांना त्याच्यापासून दूर ठेवीत. गांधीजींनी १९४२ साली पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये बंदिवासात असताना आरोग्यावर एक लहानसे पुस्तक लिहायला घेतले. त्यातही चहा-कॉफीची शरीराला गरज नाही असेच सांगितले आहे. ज्या पाल्याला आपल्या आजोबांच्या पिढीने व्यसन म्हणून सोडायला सांगितले, तोच पाला आज आपण व्रत म्हणून घेतो. कालमहिमा म्हणायचा, दुसरे काय!

आता या व्रताचे फळ काय, हे पाहावे असे मला वाटले. शास्त्रातले मला काय कळणार? मी चित्रकलेचा मास्तर. मॅट्रिकच्या पुढचे पुस्तकी शिक्षण माझ्या वाट्याला आले नाही. फावल्या वेळात कादंबऱ्या लिहितो, त्यांना तर शास्त्र मुळीच लागत नाही. म्हणून शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंना गाठले. त्यांनी चार दिवस खपून मला दोन गोष्टी समजावून दिल्या.

पहिली गोष्ट अशी की चहाचा गुण अगदीच काल्पनिक नाही. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या, स्वित्झर्लंडमधील एका प्रयोगात दहा निरोगी पुरुषांना चोवीस तास बंद खोलीत ठेवून त्यांच्या शरीराचा ऊर्जेचा खर्च मोजण्यात आला. हिरव्या चहाचा अर्क घेतला त्या दिवशी तो खर्च सुमारे ४ टक्क्यांनी वाढलेला दिसला. म्हणजे दिवसाला फार तर एका फुलक्याइतकी ऊर्जा जास्त जळाली. या एका प्रयोगाने पुष्कळांच्या आशा पालवल्या.

दुसरी गोष्ट त्या आशांचे पुढे काय झाले, याची. वैद्यकीय प्रयोगांची एकत्र छाननी करणारी कॉक्रन नावाची आंतरराष्ट्रीय संस्था आहे. २०१२ साली तिने हिरवा चहा आणि वजन यांवरचे प्रयोग तपासले. जपानबाहेर झालेल्या सहा प्रयोगांत मिळून ५३२ माणसे होती, आणि प्रयोग बारा-तेरा आठवडे चालले होते. हिरव्या चहाची सिद्धे घेणाऱ्यांचे वजन न घेणाऱ्यांपेक्षा सरासरीने ०.०४ किलो अधिक घटले. जपानातल्या प्रयोगांत आकडे याहून मोठे होते, पण ते एकमेकांशी इतके विसंगत होते की त्यांची सरासरी काढता आली नाही.

शून्य पूर्णांक शून्य चार किलो म्हणजे ४० ग्रॅम. हा आकडा ऐकून मी घरी गेलो आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावर एक करंजी ठेवली. काटा चाळिसाच्या आसपास येऊन थांबला. तीन महिन्यांचे व्रत, आणि पदरी पुण्य एका करंजीचे! तेही नक्की नाही; बाई म्हणाल्या की इतका लहान फरक नुसत्या योगायोगानेही पडतो.

दाजींना मी हे सारे मोठ्या उत्साहाने सांगितले. ते म्हणाले, "मग चांगलं आहे की, मास्तर! एक करंजी जास्त खायला मोकळीक झाली."

दाजींना हसण्यात अर्थ नाही. त्यांच्यासारखेच आपण सगळे आहोत. एकादशी दुप्पट खाशी, ही म्हण काही परक्यांनी आपल्यावर रचलेली नाही. उपवासाच्या दिवशी साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस, रताळ्याच्या गोड फोडी, शेंगदाण्याचा लाडू, असे पोटभर खाऊन आपण निश्चिंत मनाने झोपतो, कारण जमेच्या बाजूला 'उपवास' अशी नोंद पडलेली असते. एकदा जमा दिसली की खर्चाला हात सैल सुटतो. दाजींच्या कपाचे काम नेमके हेच आहे. तो त्यांची चरबी जाळत नाही. तो त्यांचा संकोच जाळतो. हिरव्या चहाने दाजींचे वजन उतरले नाहीच, उलट दीड किलोने वाढले, याचे मला तरी मुळीच नवल वाटले नाही.

यात एक जुनी मानवी खोड आहे. काहीतरी सोडायला सांगितले की आपण काहीतरी घेण्याच्या मागे लागतो. राग सोडा म्हटले की बोटात खडा घालतो. खाणे कमी करा म्हटले की पुडी आणतो. घेण्याची वस्तू दुकानात मिळते, चारचौघांना दाखवता येते. सोडण्याला आकार नसतो, रंग नसतो, आणि ते विकूनही कुणाला चार पैसे सुटत नाहीत. म्हणून त्याची जाहिरात कुणी करीत नाही.

इथपर्यंत माझा विचार सरळ चालला होता. अडचण आली ती अक्काची.

अक्काचे गुडघे तीन-चार वर्षांपासून दुखत होते. वजन उतरवा, असे डॉक्टरांनी बजावले होते. भाचीने, म्हणजे तिच्या मुलीने, हिरव्या चहाचा डबा आणून दिला तो पावसाळ्याच्या सुरुवातीला. आणि संक्रांतीपर्यंत अक्काचे वजन साडेतीन किलोंनी उतरले. आमच्या घराचा जिना ती कठड्याला धरून चढत असे, ती आता हात मोकळा सोडून चढू लागली. कुणी विचारले की ती सांगे, "ग्रीन टी घेते ना मी!" आळीतल्या चार बायकांनी तिचे पाहून डबे आणले.

मी मनात हिशेब मांडला. अक्का पूर्वी दिवसाला पाच कप चहा घेई, दर कपाला दोन चमचे साखर. चमचाभर साखर साधारण ४ ग्रॅम धरली, तर दिवसाची झाली ४० ग्रॅम. पुन्हा तेच चाळीस! पण हे चाळीस रोजचे होते. सहा महिन्यांत सात किलोंहून अधिक साखर तिच्या पोटात जायची राहिली. शिवाय त्या चहाबरोबरची खारी गेली, बटरे गेली, दूध गेले. पुडीतल्या पाल्याने काहीच केले नव्हते. केले होते ते पुडीमुळे बंद झालेल्या चहाने. आणि अक्का श्रेय देत होती पुडीला.

हे तिला सांगावे की नाही?

वाचकहो, हा प्रश्न दिसतो तितका क्षुल्लक नाही. भ्रम खोटा आहे, पण त्याने माणसाचे भले होते आहे. तो मोडण्याचा अधिकार मला कुणी दिला? मास्तरांना चूक दिसली की लाल शाई आठवते. पण चूक दुरुस्त केल्यावर उत्तरच बिघडणार असेल तर? पुडीवरचा विश्वास उडाला आणि अक्काने पुन्हा साखरेचा डबा जवळ ओढला, तर तिच्या गुडघ्यांना मी काय उत्तर देणार होतो?

दुसऱ्या बाजूने मला माझा एक विद्यार्थी आठवत होता. त्याच्याजवळ मामाने दिलेला एक जुना कुंचला होता. आपली रेषा चांगली येते ती त्या कुंचल्याच्या गुणाने, अशी त्याची ठाम समजूत. मला ती समजूत गोड वाटली. मुलगा उत्साहाने काम करतो आहे, मग कशाला बोला? एलिमेंटरीच्या परीक्षेच्या दिवशी तो कुंचला घरी विसरून आला. दुसरे कुंचले पुष्कळ होते, मी माझाही देऊ केला. पण त्याचा हात कागदाला लागेना. पेपर संपल्यावर तो रडत बाहेर आला. कला त्याच्या हातात होती, आणि मी ती दोन वर्षे कुंचल्यात राहू दिली होती. त्या दिवसापासून उपकारक भ्रमाविषयी माझे मन साशंक आहे. तो आज उधारीवर बळ देतो, आणि वसुलीला नेमक्या अडचणीच्या वेळी येतो.

असे दोन्हीकडचे विचार करीत मी दोन-तीन महिने गप्प बसलो. गप्प बसण्याला मी समजूतदारपणा म्हणत होतो.

मग एके दिवशी दाजींनी एक बाटली आणली. हिरव्या चहाच्या अर्काच्या गोळ्या. कपाने वजन उतरत नाही म्हणताच त्यांनी ठरवले की कप दुबळा आहे, अर्क पाहिजे. "शंभर कपांचं काम एका बाटलीत," असे दुकानदाराने त्यांना सांगितले होते. आणि अक्काही म्हणाली, "कपानं इतका गुण आला, तर गोळ्यांनी गुडघे पार मोकळे होतील."

मी बाईंकडे धावलो. त्या म्हणाल्या, कप आणि गोळी यांना एक समजू नका. हिरव्या चहातले मुख्य द्रव्य म्हणजे एपिगॅलोकॅटेचिन गॅलेट. नाव एखाद्या मंत्रासारखे लांबलचक. चहा पिऊन ते पोटात जाते त्याचे भय सहसा नाही. पण २०१८ साली युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने तपासून सांगितले की, गोळ्यांतून हे द्रव्य दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक घेतले, तर यकृताला इजा होऊ लागल्याची चिन्हे रक्तात दिसू शकतात. बाटलीवरच्या बारीक अक्षरांतून त्या गोळ्यांत ते किती आहे, याचाही पत्ता लागत नव्हता.

आता गप्प राहणे म्हणजे भित्रेपणा झाला असता. संध्याकाळी अक्काकडे गेलो. ती ओसरीवर मेथी निवडत बसली होती. बराच वेळ घसा खाकरून मी म्हणालो, "अक्का, रागावू नकोस, पण तुझं वजन त्या चहानं उतरलेलं नाही."

"मग कशानं उतरलं?"

"साखर सोडलीस म्हणून. दिवसाला चाळीस ग्रॅम. मी हिशेब केलाय."

अक्काने मेथीची जुडी खाली ठेवली आणि ती खळखळून हसली. "अरे, हे मला सांगायला आलास? साखर सोडली कुणी? मीच ना? मग मला ठाऊक नसेल? हिरव्या पाण्यानं कधी कोणी बारीक झालंय?"

मी गोंधळून विचारले, "मग सगळ्यांना ग्रीन टी, ग्रीन टी म्हणून का सांगतेस?"

"दुसरं काय सांगू? डॉक्टरांनी पहिल्यांदा सांगितलं तेव्हा महिनाभर नुसती साखर सोडून पाहिली मी. जाईन तिथं तेच. बिनसाखरेचा दे म्हटलं की, 'अगबाई, साखर निघाली का रक्तात?' नाही म्हटलं की, 'मग आमच्याकडच्या एका कपानं काय होतंय?' चहाच नको म्हटलं तर घरच्या बाईचा चेहरा पडायचा. रोज कुणाचं ना कुणाचं मन मोडायचं. महिन्यानं मी कंटाळले, आणि पुन्हा पिऊ लागले. आणि सगळ्यांत जास्त आग्रह कुणाचा होता, सांगू? तुझा. 'अक्का, माझ्या घरचा अर्धा कप तरी!' आता पुडी काढली की कोणी काही बोलत नाही. गरम पाणी काय, कुणीही देतं. त्यांच्या हातात कप, माझ्याही हातात कप. झालं!"

मी काहीच बोललो नाही. बोलण्यासारखे काही उरले नव्हते. थोड्या वेळाने तीच म्हणाली, "पण त्या गोळ्यांचं खरं सांगितलंस ते बरं केलंस. त्यांच्यात तरी काही असेल, असं वाटलं होतं मला. यांना मी सांगते." आणि तिने ती बाटली फळीवरून उतरवून वर्तमानपत्रात गुंडाळली.

घरी परतताना मला माझीच लाज वाटत होती. अक्काचा भ्रम मोडावा की न मोडावा, यावर मी तीन महिने तत्त्वचिंतन केले. आणि भ्रम होता तो माझा. तिला काय ठाऊक आहे हे तिला विचारावे, इतके साधे मला सुचले नाही. जिथे तिला खरोखर माहिती हवी होती, त्या गोळ्यांच्या बाबतीत, मी अगदी शेवटच्या क्षणी पोहोचलो. सत्य सांगावे की झाकावे, या वादापूर्वी एक पायरी असते, आणि ती मी चुकवली होती. समोरच्या माणसाला आपण शहाणे समजतो की नाही, ही ती पायरी.

पण त्याहूनही मनाला लागले ते दुसरेच. माझ्या बहिणीच्या 'नको' या शब्दाला आमच्या घरात किंमत नव्हती, पुडीला होती. आग्रह ही आपल्या प्रेमाची रीत आहे, हे मी नाकारीत नाही. टंचाईच्या दिवसांत पाहुणा संकोचाने अर्धपोटी उठत असे, तेव्हा तीनदा विचारल्याशिवाय त्याला पोटभर जेवता येत नसे. जगात इतरत्रही हे आहे. मोरोक्कोत तर पाहुण्याचे स्वागत करतात ते हिरव्या चहानेच; त्यात पुदिना आणि भरपूर साखर घालून तो उंचावरून पेल्यात ओततात, आणि तो नाकारणे हा यजमानाचा अनादर समजला जातो. पान तेच. तिथे ते साखर पाजायच्या कामी येते, अक्काकडे साखर चुकवायच्या, आणि दाजींकडे पाच करंज्या माफ करून घ्यायच्या. कपात काय आहे त्याहून तो कोण कशासाठी हातात धरतो, यावरच पुष्कळसे ठरते. परंतु दुखऱ्या गुडघ्यांच्या बाईला आपल्या सख्ख्या भावाच्या घरी साखर नाकारण्यासाठी परदेशी पाल्याचा आडोसा घ्यावा लागतो, तेव्हा प्रेमाचा आग्रह कुठे संपला आणि जुलूम कुठे सुरू झाला, हे आग्रह करणाऱ्यानेच तपासून पाहायला हवे.

यंदाही नरकचतुर्दशीला अक्का आणि दाजी फराळाला येतील. करंज्या गेल्या वर्षीइतक्याच होतील. सणाच्या दिवशी तोंड कडू करून बसावे, अशा मताचा मी नाही. फक्त मी मनाशी ठरवले आहे की ताटात वाढताना कुणालाही एकदाच विचारायचे, आणि 'नको' म्हटले की हात मागे घ्यायचा. मागच्या आठवड्यात मी हा निश्चय अक्काला मोठ्या गांभीर्याने सांगितला.

ती जराशी विचारात पडली. मग म्हणाली, "एकदाच नको रे, दोनदा विचारत जा. पहिल्यांदा मी सवयीनं नको म्हणते. दुसऱ्यांदा म्हटलं, तर मात्र खरं धर."